बोळक्याचं बारसं

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की मला ज्यांनी सांगितली त्यांनाही ती कुणीतरी सांगितलेलीच होती. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरा कान देऊनच ऐकावी, कारण हिच्यातली चूक मोठ्यांची आहे.

एका तळ्याकाठच्या गावात एक कुंभार राहायचा. घरात त्याची बायको, ठकी नावाची लेक आणि त्याची थोरली बहीण साळू. तिला सगळं गाव साळूआत्याच म्हणायचं. आवाज असा खणखणीत, की तिनं अंगणातून हाक मारली तर तळ्यापलीकडची गुरं माना वर करायची. मनानं मात्र इतकी हळवी, की तडकलेलं मडकं फेकतानाही ती दहादा हळहळायची.

एकदा कुंभार आणि ठकी गाढवावर मडकी लादून बाजाराला गेले. माल विकून परतताना बघतात तो काय, मिठाईच्या दुकानापुढे एक माणूस कुत्र्याच्या पिल्लाला काठीनं बडवतोय! पिल्लू एवढंसं. अंगावर नुसत्या बरगड्या. गुन्हा काय, तर जमिनीवर सांडलेलं दूध चाटलं.

ठकी धावत मध्ये पडली. "अहो काका, मारून टाकाल त्याला!"

"एवढा पुळका आलाय तर घेऊन जा की घरी," तो माणूस खेकसला.

ठकीनं बापाकडे बघितलं. बापानं गाढवाच्या रिकाम्या गोणीकडे बघितलं. "चल, घाल त्याला यात," तो म्हणाला. "मडकी नेली, कुत्रं आणलं. तुझी आई काय म्हणेल ती म्हणेल."

वाटेत ठकीनं केस मागे सारायला हात वर केला, तर पिल्लू गोणीच्या तळाशी जाऊन बसलं. तिला वाटलं, झोप आली असेल बिचाऱ्याला.

घरी आल्यावर आईनं वाटीत ताक-भाकरी कुस्करली. बोलली ती साळूआत्या. "अगं बाई, माझं सोनं ते! घरात लेकरू आलं आणि तुम्ही ते गोणीत घालून आणता? काही रीतभात आहे की नाही? याचं बारसं करायचं. आजच!"

"वन्सं, आधी जरा निजू द्या त्याला," कुंभारीण म्हणाली. "भेदरलंय ते."

"निजेल की मागाहून! चार घरच्या बायकांना हाक मारते, बघ कसं रमतं ते."

आता आत्यानं मनात घेतलं म्हणजे झालंच. टोपलीचा पाळणा झाला. ठकीच्या लहानपणीचं झबलं निघालं. घुगऱ्या शिजल्या. बाया जमल्या, पोरंटोरं जमली, कुणी थाळी वाजवायला घेतली, पाळणा म्हणायला तर सगळ्याच पुढे. खरं सांगायचं तर त्यात वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. गाव हौशी होतं, एवढंच. आणि पिल्लू त्या टोपलीत, झबल्याच्या आत, थरथर कापत होतं. लोकांना वाटलं, लाजतंय.

मग आत्या टोपलीवर वाकली, पिल्लाच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "कुर्रर्र! बोळक्या!"

"बोळक्या? एवढ्या हडकुळ्याला?" कुणीतरी हसलं.

"महिन्याभरात बोळक्यासारखा गोल करून दाखवते की नाही बघा!"

आणि मग जे प्रत्येक बारशाला होतं तेच झालं. आत्यानं नाव ठेवलं की तिच्या पाठीत गुद्दे घालायचे, ही आपल्याकडची जुनी गंमत. बायका पुढे सरसावल्या, पोरं पुढे सरसावली, हात वर झाले आणि धपाधप, धपाधप! आत्या खोटं खोटं कळवळली, "अगं मेले गं, वाचवा!" सगळे खदखदून हसले.

पिल्लू हसलं नाही. त्यानं एवढंच बघितलं, की इथंही हात वर होतात आणि इथंही कुणालातरी मारतात. ते टोपलीतून उडी मारून पायांच्या गर्दीतून जे सुटलं, ते दिसेनासं झालं.

"बोळक्या! ए बोळक्या!" गाव हाका मारत सुटलं. तळ्याकाठ बघितला, गोठे बघितले, गवताच्या गंजी बघितल्या. हाका वाढत गेल्या. पिल्लाचा पत्ता नाही.

दिवस कलायला लागला. इकडे कुंभाराच्या परसात आवा रचून तयार होता. आवा म्हणजे कच्च्या मडक्यांची रास. मध्ये गोवऱ्या आणि पेंढा, वरून खापरांचं नि मातीचं पांघरूण आणि विस्तव घालायला खाली एक तोंड. दोन दिवसांवर देवीची जत्रा होती. आज दिवस मावळायच्या आत आवा पेटला नाही तर जत्रेला नवा माल नाही, आणि त्या घराला जत्रेचाच आधार.

"भूक लागली की येईल ते," कुंभार म्हणाला. खापरावर निखारा घेऊन तो आव्याच्या तोंडाशी वाकला.

"बाबा, थांबा!" ठकी किंचाळली.

तोंडाशी सांडलेल्या राखेत इवल्या इवल्या पावलांचे ठसे होते. सगळे आत जाणारे. बाहेर येणारा एकही नाही.

निखारा बाजूला ठेवून कुंभारानं आत हात घातला, तर पिल्लू कण्हत आणखी आत सरकलं आणि वरची मडकी खडखडली. वरून उपसायला जावं, तर सगळी रास त्याच्या अंगावर कोसळायची. तोवर गाव गोळा झालं होतं. जो तो तोंडाशी वाकून ओरडत होता, "बोळक्या, ये! ये रे!" एकेका हाकेसरशी ते एक वीत आत जात होतं.

आत्या ऊर बडवायला लागली. "त्याला नाव दिलं ना मी! मग का येत नाही गं ते माझ्या हाकेला?"

"आत्या, ते नाव त्याला कुठं ठाऊक आहे?" ठकी रडत म्हणाली. "ते नाव कानात पडलं आणि लगेच आपण तुला मारलं. त्यानं तेवढंच बघितलं गं!"

साळूआत्याचा वर गेलेला हात तसाच राहिला. मग तिनं तो हळूच खाली घेतला. सगळ्यांना तिनं नुसत्या डोळ्यांनीच मागे सारलं. आव्याच्या तोंडाशी, त्याच्याकडे पाठ करून, हात मांडीवर ठेवून ती खाली बसली. आणि गप्प राहिली. साळूआत्या गप्प! गावानं हे आजवर कधी बघितलं नव्हतं, म्हणून गावही गप्प झालं.

"अक्का, दिवस मावळतोय," कुंभार हलकेच म्हणाला. खापरावरचा निखारा विझत आला होता. कुंभारानं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तोही बहिणीशेजारी मातीत बसला. "जाऊ दे," तो म्हणाला. "जत्रा पुढल्या वर्षीही आहे."

सूर्य तळ्यात उतरला, तेव्हा आव्यातून एक काळं नाक बाहेर आलं. मग राखेनं माखलेलं झबलं. पिल्लू भीत भीत आत्याच्या मागे आलं, थांबलं आणि जिथं तिला गुद्दे बसले होते तिथं, पाठीवर, जिभेनं चाटायला लागलं.

आत्यानं मागे वळून बघितलं नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "नाही लागलं रे राजा मला," ती इतक्या हळू म्हणाली, की शेजारच्या भावालाही जेमतेम ऐकू आलं. "पण तुला फार लागलंय, ते कुणी बघितलंच नाही."

त्या वर्षी कुंभार जत्रेला जुनीपानी मडकी घेऊन गेला आणि लवकरच परत आला. घरात ओढाताण झाली, पण कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पिल्लाला कितीतरी दिवस कुणी नावानं हाक मारली नाही. ते चुलीमागे निजायचं, खायचं, आत्याच्या पायापायात करायचं. मग एके सकाळी चिखल तुडवता तुडवता आत्या सहज म्हणाली, "बोळक्या," आणि ते शेपूट हलवत धावत आलं. कुंभारणीनं हातातलं काम टाकून त्या दिवशी पुन्हा घुगऱ्या शिजत घातल्या.

त्या गावात अजूनही घरात कुणी नवं आलं, मग ती सून असो, वासरू असो नाहीतर पोरकं लेकरू, तर पहिल्या दिवशी थाळी वाजत नाही. त्याला आधी खायला देतात, निजायला कोपरा देतात आणि वाट बघतात.

आलेल्याचं स्वागत आपल्या हौसेनं नव्हे, त्याच्या जिवाकडे बघून करावं.