मगर आणि भगर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कुठलं गाव ते विचारू नका, नदीकाठचं होतं एवढं पुरे.

त्या गावात गुणाजी नावाचा पाट्या रंगवणारा होता. पाटी वाळली, की तो ती विटेच्या तुकड्याने घासायचा आणि वर चुलीचा धूर द्यायचा. अक्षरांचे टवके उडायचे, रेघा तुटायच्या आणि काल उघडलेलं दुकान शंभर वर्षांचं वाटायचं. लोणचेवालीने तशी पाटी लावली, तर लोक म्हणू लागले, पणजीच्या हातची चव आहे हो. मग पेढेवाल्यालाही तशीच हवी झाली. आपल्या अक्षराला तोड नाही, असं गुणाजीला वाटू लागलं. खरं सांगायचं तर नव्हतीच.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला एका गुराख्याने नदीत मगर पाहिली. पाटलांनी गुणाजीला बोलावून सांगितलं, दवंडी सकाळी देऊ, तू आत्ताच नदीच्या वाटेवर 'पुढे मगर आहे' अशी पाटी लाव, आणि साधी लाव. गुणाजीने साधीच केली. पण आपल्या हातची कोरी करकरीत पाटी त्याला बघवेना. त्याने वीट उचललीच. घरी आला तेव्हा आई निजली होती.

आता 'म'च्या डोक्यावरची रेघ जरा तुटली, की त्याचा 'भ' व्हायला कितीसा वेळ?

त्या गावात दर शिवरात्रीला कुणी ना कुणी नदीकाठच्या महादेवापाशी उपासाची भगर वाटायचं. त्यामुळे सकाळी पाटी वाचून कुणाला नवल वाटलं नाही. दवंडीवाला अजून खालच्या आळीत होता, तोवर शेजारच्या चिमाकाकू गुणाजीच्या दारात आल्या. तू घरी कसा, तुझी आई तर वाटी घेऊन नदीवर गेलीसुद्धा, म्हणाल्या, भगर आणायला.

"कुठली भगर, काकू?"

"मला काय विचारतोस? तूच तर लिहिलंयस."

गुणाजी अनवाणीच धावत सुटला.

म्हातारी काठावर बसून वाटी विसळत होती. दोन हातांवर एक ओंडका हळूहळू जवळ सरकत होता. गुणाजीने आईला दंडाला धरून मागे खेचलं. पाणी उसळलं. वाटी गेली, लुगड्याचा काठ गेला, आई तेवढी हाती राहिली.

दोघं वाळूत येऊन बसली. मग म्हातारी म्हणाली, "गुण्या, म्हातारं दिसायचं माझं वय आहे रे. पाटीला कशाला म्हातारी केलंस?"

उन्हं चढायच्या आत गुणाजीने वाटेवर दुसरी पाटी लावली. काळी, ठसठशीत, रेघ न रेघ सलग. दिसायला अगदीच सुमार होती. पण वाटी घेऊन आलेल्या बायका ती वाचून तिथूनच मागे फिरल्या. लोणच्याच्या आणि पेढ्यांच्या पाट्या गुणाजी पुढेही घासत राहिला. या पाटीला मात्र त्याने कधी वीट लावली नाही.

तात्पर्य: अक्षराने दुकानावर हवं तेवढं नटावं, पण जिवाशी गाठ असेल तिथे ते आधी नीट वाचता यावं.