राजांना बाळराजे व्हायचं होतं

मंत्र ‘ह्रीं’ने सुरू होतो की ‘क्लीं’ने, हे सखोबा कथेकऱ्याला काही केल्या आठवेना. चार शास्त्रं शिकलेला माणूस, पण स्वतःच्या आठवणीवर त्याचा कधीच भरवसा नव्हता. मुळात तो मंत्र पोथीत वाचला होता की कथा रंगावी म्हणून आपणच घुसडला होता, हेही आता सांगता येईना.

कथा साधी होती. बापलेकाचे देह बदलतात, एवढीच. ती ऐकून रत्नाजीराजे म्हणाले होते, “आम्हाला महिनाभर बाळराजांच्या देहात राहायचं आहे. नुसतं खायचं आणि खेळायचं. सोमवारी मंत्र म्हणा, नाहीतर राज्य सोडा.”

सोमवारी सखोबा गाठोडं बांधूनच दरबाराला निघाला.

“अप्पा, ते घरी ठेवा,” त्याची लेक ठकू म्हणाली. “आज मी बोलते.”

“तुला मंत्र येतो?”

“नाही. तुम्हाला तरी कुठं येतो?”

दरबारात तिनं मुजरा केला. “महाराज, तयारी झाली. महिन्यानं देह परत मिळेल, एवढं फक्त लिहून हवं.”

“आण कागद. देतो लिहून.”

“तुमचं लिहिणं चालायचं नाही. मंत्र म्हटला की तुम्ही नऊ वर्षांचे. गादीवर बाळराजे, शिक्का त्यांच्या हातात. लिहून त्यांनी द्यायचं.”

“बाळराजे, द्या लिहून.”

बाळराजांनी थोडा विचार केला. “नाही.”

“नाही म्हणजे?”

“आबासाहेब, दर रविवारी मला एरंडेल कुणाच्या हुकमानं पाजतात?”

“आमच्या. पोट साफ राहतं.”

“मग देह परत दिला की रविवार पुन्हा माझेच. मी कशाला देऊ?”

हे दरबारातल्या एकाही पंडिताला खोडता येईना.

“शिवाय तुम्हाला मी रोज पाजीन,” बाळराजे म्हणाले. “पोट साफ राहतं.”

ठकू वडिलांकडं वळली. “अप्पा, करा सुरुवात.”

सखोबानं घाबरत तोंड उघडलं. आत शब्द एकही नव्हता.

“थांबा!” राजे ओरडले. मग त्यांनी लेकाकडं पाहिलं आणि इतके हसले की डोक्यावरचा मंदिल मांडीवर आला. ठकूला सोन्याचं कडं मिळालं, सखोबाला नदीकाठची आमराई.

बऱ्याच वर्षांनी बाळराजे गादीवर आले, तेव्हा सखोबानं त्यांना भीतभीत विचारलं, “त्या वेळी देह खरंच परत दिला नसता?”

“नसता दिला,” बाळराजे म्हणाले. “आबासाहेबांनाही ते ठाऊक होतं.”