नंदीबैलाची खूण

"पण खूण करता कुठली, तेवढंच सांगा ना बाबा!"

अवंती केळशीकर हे चौथ्यांदा विचारत होत्या. विद्यापीठात त्या मानसशास्त्र शिकवत, आणि जनावरांना, झाडाझुडपांना बुद्धी किती असते हा त्यांच्या संशोधनाचा विषय. लाजाळूच्या कुंड्यांवर एक पुस्तक लिहून झालं होतं, शेळीवर आठ वर्षांचं काम होतं. नाव मोठं होतं, आणि ते मोठं आहे हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

समोर बिरोबाच्या देवळाच्या पायरीवर म्हातारा सायबू नंदीवाला बसला होता. साठ वर्षं त्यानं दारोदार नंदीबैल फिरवला. ढोलकं गुबुगुबू वाजलं की लोक प्रश्न विचारायचे आणि बैल मान हलवून होय-नाही सांगायचा. आत्ताचा बैल शंभू शेजारीच कडबा खात उभा होता.

"मला न्हाई ठावं, बाई."

"असं कसं? तुम्हीच तर त्याला शिकवलंत."

"म्या न्हाई. त्यानंच शिकून घेतलं."

"मग तुम्हाला तुमच्या वडिलांनी काहीतरी शिकवलं असेल..."

"बा म्हनला, बैलानं खाल्ल्याबिगर तू खायाचं न्हाई. झालं."

बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि लगेच खोडलं. त्यांना राग आला होता. राग कसला, भीतीच ती.

गोष्ट अशी होती. त्यांच्या शेळीचं नाव चांदणी. तिच्यापुढे ठिपके काढलेल्या दोन पाट्या ठेवायच्या, की जिच्यावर ठिपके जास्त तिला ती नाक लावायची. दहातून नऊ वेळा बरोबर. गेल्या आठवड्यात बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी सहज सुचवलं, "बाई, तुम्ही जरा पडद्यामागे उभ्या राहून बघा." पडदा लावला. चांदणीनं एकाही पाटीला नाक लावलं नाही. एकदाही नाही!

म्हणजे बाईच नकळत काहीतरी खूण करत होत्या. भुवई, खांदा, श्वास... नेमकं काय, ते सापडत नव्हतं. आणि सोमवारी परिषदेत निबंध वाचायचा होता. चार दिवस त्यांना अन्न गोड लागलं नव्हतं.

"बाबा, ती खूण सापडली की मी ती काढून टाकीन. मग उरेल ती शेळीची खरी बुद्धी. नाहीतर माझी आठ वर्षं पाण्यात गेली हो."

सायबूनं शंभूकडे बोट केलं.

"मंग माज्या बैलावर बी करा की पडद्याचं."

"पडदा कुठून आणू इथं?"

"देवळाची भित हाय की."

तो उठला. कासरा बैलाच्या पाठीवर टाकला आणि देवळाला वळसा घालून मागे दिसेनासा झाला. ढोलकं पायरीवरच राहिलं.

बाईंनी हात पाठीमागे बांधले, चेहरा कोरा केला. श्वाससुद्धा आवरून धरला.

"शंभू, सोमवारी मी निबंध वाचू का?"

बैलानं खाणं थांबवलं.

...

मान हलली नाही. ना होकार, ना नकार.

"वाचू का रे?" आवाज कापला. तो काही त्यांना आवरता आला नाही.

बैलानं एकदा रिकाम्या पायरीकडे बघितलं. मग कडबा तसाच टाकून, बाईंच्या अंगावरून, तो देवळाच्या मागे निघाला.

बाई त्याच्या मागोमाग धावल्या. मागे सायबू भिंतीला टेकून बसला होता आणि बैलानं त्याच्या छातीत तोंड खुपसलं होतं. म्हातारा त्याची मान खाजवत होता.

"बघितलंत?" बाईंना धाप लागली होती. "उत्तर दिलंच नाही त्यानं. तुम्ही दिसेनासे झालात आणि सगळं संपलं. अगदी माझ्या चांदणीसारखं."

"शेळी सुटी हुती का बांदल्याली?"

"बांधलेली. नियमच आहे तसा."

"पडदा लावल्यावर काय केलं तिनं?"

"सांगितलं ना, काही नाही."

"काईच न्हाई?"

"म्हणजे... ओरडत होती."

"किती येळ?"

"शेवटपर्यंत. चाळीस मिनिटं." बाई भिंतीला टेकल्या. "ओरडण्याला आमच्या तक्त्यात रकाना नसतो. आम्ही शून्य मांडलं."

म्हाताऱ्याचा हात बैलाच्या मानेवर थांबला...

"आन तुमी पडद्यामागंच हुता?"

"होते. दोन पावलांवर."

"मंग बाई, तिला ओ कुणी दिली?"