मागून आणलेलं विरजण

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात एक वृद्ध गुरुजी राहत असत. एकदा त्यांची एक जुनी शिष्या त्यांच्या ओसरीवर येऊन बसली आणि बराच वेळ नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. सातवीपर्यंत ती त्यांच्याकडेच शिकली होती. पुढे लग्न झालं, नवऱ्यामागे ती दर्यापारच्या देशात गेली, दोन्ही मुलं तिथेच जन्मली. मुलांना आपली माणसं कळावीत म्हणून आता ती त्यांना घेऊन परतली होती. नवरा तिथलं दुकान सांभाळत मागे राहिला होता. मुलं इथे रुळली तर त्यानं दुकान विकून यायचं, नाही तर हिनं मुलांना घेऊन परत जायचं, असं दोघांत ठरलं होतं. दिवाळीच्या आत त्याला निर्णय कळवायचा होता, आणि तो काही तिला घेता येत नव्हता.

"गुरुजी, मी पोरांचं नुकसान केलं का हो?" ती शेवटी म्हणाली. "धाकटा लहान आहे, खेळतो, विसरतो. पण वेणू नऊ वर्षांची. शाळेतून आली की खिडकीत बसते. गल्लीतल्या मुली दारावरून जातात, हिला हाक मारत नाहीत. रात्री पांघरुणात तोंड घालून रडते. विचारलं की म्हणते, डोळ्यात काहीतरी गेलं. रोज डोळ्यात काय जातं हो?"

"शेजाऱ्यापाजाऱ्यांशी कशी आहेस?"

"चांगलीच आहे की. आल्याबरोबर घरोघरी खजूर-बदाम वाटले. कुणी वाटीभर भाजी पाठवली की दुसऱ्या दिवशी वाटी भरून परत. कुणाला कशाचा म्हणून त्रास दिला नाही."

"लोक काय म्हणतात?"

"म्हणतात, बाई फार रीतीची."

गुरुजी म्हणाले, "उद्या तुझ्याकडे जेवायला येतो. मी दिवस मावळायच्या आत जेवतो, ठाऊक आहे ना? दहीभात कर, बाकी काही नको."

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. पानावर बसले. आयुष्यभर मिताहारी म्हणून ओळखला जाणारा तो माणूस, त्या दिवशी मात्र दही मागतच राहिला. "वाढ." तिनं वाढलं. "आणखी वाढ." तिनं गाडगं तिरपं केलं. तळाशी चमचाभर उरलं, तेव्हा ती संकोचून म्हणाली, "गुरुजी, एवढं विरजणाला राहू दे का?"

"आण इकडे," म्हणून गुरुजींनी गाडगं हातात घेतलं, बोट फिरवून आतून पुसून काढलं आणि ते बोटही चाटलं. धाकटा आ वासून बघत राहिला. "आई, आजोबांनी भांडंच धुतलं," तो म्हणाला.

हात धुऊन गुरुजींनी वेणूला जवळ बोलावलं. "बाळ, रात्री दूध विरजायचं ना? मग एक वाटी घे आणि शेजारून विरजण मागून आण."

शिष्या लगबगीनं पुढे झाली. "ती कशाला? मी दुकानातून आणते ना, दोन घरं सोडून तर आहे."

"दुकानातून नको."

"मग मी जाते. तिला नीट बोलता येत नाही, गुरुजी. मोठ्यांनाही अरेतुरे करते. लोक हसतील. म्हणतील, एवढी परदेशातून आली आणि चमचाभर दही नाही घरात."

"म्हणू दे," गुरुजी म्हणाले.

वेणू वाटी छातीशी धरून, आईकडे वळून वळून पाहत गेली. आई उंबऱ्यात उभी राहिली. समोरच्या घरातून पोर रिकाम्या वाटीनं बाहेर आली, क्षणभर रस्त्यातच थांबली, मग कोपऱ्यावरच्या गोदाक्कांच्या दारात शिरली. वेळ जाऊ लागला. दिवेलागण झाली की कुणी घरातलं दही बाहेर देत नाही, आणि उजेड तर उतरायला लागला होता. तिकडून हसण्याचा आवाज आला, तशी आई पायरी उतरली.

"बस खाली," गुरुजी म्हणाले.

"हसताहेत हो तिला."

"हसताहेत खरं. बस." तिला बसवून ते म्हणाले, "पोरी, ज्या घराला काही कमी नाही, त्या घरी माणसं सणाला येतात आणि नमस्कार करून जातात. अडल्यानडल्याची ये-जा तिथे होत नाही. तू आल्या दिवसापासून नुसती देत राहिलीस. वाटी आली की फेडून टाकलीस, कुणाचं काही अंगावर राहू दिलं नाहीस. पाहुणे असेच वागतात. म्हणून गावानं तुला पाहुणी समजून मान दिला. आणि पाहुण्यांच्या मुलांना खेळायला कोण बोलावतं? त्यांचे कपडे मळतील, याची लोकांनाच धास्ती. आपल्या माणसांत यायचं, तर त्यांच्यापुढे थोडं उणं होऊन जावं लागतं. म्हणून मी तुझं गाडगं पुसून खाल्लं. सवय नाही एवढ्या दह्याची, रात्री पोट धरून बसणार आहे मी."

तिला हसू आलं नाही. तिचं सगळं लक्ष दाराकडे होतं.

वेणू आली ती एकटी नव्हती. गोदाक्कांची नात बरोबर होती, आणि मागून खुद्द गोदाक्का. "काय गं, पोरीला दूध विरजायला शिकवलं नाहीस?" त्या आल्या आल्या म्हणाल्या. "मला म्हणते, आजी, दही दे, दूध उकळतंय. उकळत्या दुधात टाकणार होती! हसून हसून पुरेवाट झाली आमची. चल गं, कुठंय तुझं दूध? जरा निवलं की बोट बुडवून बघ. चटका बसतो? मग थांब अजून."

दोन्ही मुली दुधाच्या पातेल्यावर वाकून बोटं बुडवत बसल्या. वेणू हसत होती. चूक तिचीच होती, आणि तिला हसू येत होतं.

शिष्या ते पाहत उभी राहिली. मग एकदम, गोदाक्कांकडे न पाहताच म्हणाली, "अक्का, पोरगी रात्री रडते हो. मला काय करावं कळत नाही. मी इथे आणून चुकले का, तेही कळत नाही."

गोदाक्कांनी तिच्याकडे पाहिलं. "अगं मग इतके दिवस बोलली का नाहीस? आम्हाला वाटलं, तुमचं सगळं ठीक चाललंय. सरक, बसू दे मला जरा."

गुरुजी केव्हा उठून गेले, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

चार दिवसांनी तिनं नवऱ्याला दुकान विकायला सांगितलं. मुलं इथे सुखी होतील का, हे तिला अजूनही ठाऊक नव्हतं. झोपताना धाकधूक होतीच. पण पोरं दुःखी झाली तर कुणाच्या दारात जायचं, ते आता तिला ठाऊक होतं.

परतून आलेल्यानं काय काय आणलं, हे गाव दोन दिवस बघतं. तो आपल्याकडे काय मागतो, याची मात्र वाट बघत असतं.