छतातली गुणगुण

तंतुवाद्यं बनवणाऱ्या एका गावात नेमगोंडा नावाचा वायरमन होता. हात वेगाचा, जीभ त्याहून वेगाची. "मला झाकण उघडावं लागत नाही, बाहेरूनच कळतं," असं तो ज्याला त्याला सांगे. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा त्याला कळतही असे. माणूस बिघडतो तो असाच.

त्याच गावात मंजुळाबाईंची गानशाळा होती. बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि गाताना वरचे हॅलोजनचे दिवे त्यांना सोसेनात. त्यांनी नेमगोंडाला उजेड कमी-जास्त करणारा डिमर बसवायला सांगितलं. हे दिवे बारा व्होल्टवर चालतात, आणि वीज तेवढी उतरवून देणारे ट्रान्सफॉर्मर छताच्या आत असतात. ते दोन जातींचे. एक तांब्याच्या तारांचे, जडशीळ. दुसरे इलेक्ट्रॉनिक, हाताला वजनच लागू नये असे. ज्या जातीचा ट्रान्सफॉर्मर, त्या जातीचा डिमर लागतो. म्हणजे छताची फळी काढून एकदा बघायचं, एवढंच काम. नेमगोंडाने फळी काढली नाही. इमारत जुनी, तेव्हा आत जडच असणार, असं धरून त्याने जडांचा डिमर बसवला, पूर्ण उजेडात दिवे लावून दाखवले आणि सायकलवर टांग मारली.

पूर्ण उजेडात सगळं ठीक होतं. उजेड उतरवला की मात्र छतातून बारीक गुणगुण सुरू व्हायची. बाई तंबोरा लख्ख उजेडात जुळवायच्या, मग पंखे बंद करून दिवे मंद करायच्या. गायला बसलं की तंबोरा खरखरतोय असं वाटे. गाणं थांबलं की पंखे लागत आणि गुणगुण त्यांत बुडून जाई. छताचा संशय कुणाला येणार? संशय आला तंबोऱ्यावर.

तंबोरा हसनचाचांनी बनवलेला. चाचांचं वय पंचाहत्तर, आणि त्यातली साठ वर्षं तारांखालची जवारी घासून सूर मोकळा करण्यात गेलेली. त्यांनी तीनदा तंबोरा घरी नेला, जवारी घासली, तारांखालचे दोरे सरकवले. घरी तो गोड बोले, शाळेत कुरकुरे. चौथ्यांदा बाई फार हळू आवाजात म्हणाल्या, "चाचा, आता वय झालं." रविवारच्या बैठकीसाठी त्यांनी परगावाहून दुसरा तंबोरा मागवला. चाचांनी घरी जाऊन कानस, दोरे, सगळी हत्यारं पेटीत भरून ठेवली.

शनिवारी नेमगोंडा एक गेलेला दिवा बदलायला शाळेत आला. आत तालीम चालली होती. त्याने सहज डिमरवर हात ठेवला. बटण गरम होतं आणि बोटांखाली थरथरत होतं. तालीम संपल्यावर त्याने शिडी लावली आणि फळी काढली. आत तळहाताएवढ्या हलक्या डब्या होत्या, आणि कोणता डिमर लावायचा ते प्रत्येकीवर ठळक लिहिलेलं होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. बटण ढिलं झालंय असं बाईंना सांगून त्याने योग्य डिमर बसवला. गुणगुण थांबली. आता कुणाला काय कळणार? पण खाई त्याला खवखवे. पिठाच्या गिरणीत, घरी वहिनींच्या शिलाई मशीनमध्ये, सगळीकडे त्याला तीच गुणगुण ऐकू येई. चाचांच्या दारावरून तो तीनदा सायकलने गेला आणि तीनदा पुढे निघून गेला.

रविवारी संध्याकाळी परगावचा तंबोरा मंद उजेडात स्वच्छ वाजला. माना डोलल्या. पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "बघा, म्हाताऱ्याचा कानच गेला होता." चाचा दाराजवळ बसून स्वतःच्या हातांकडे बघत होते. नेमगोंडा उठला, पाणी पिऊन आला, बसला, पुन्हा उठला. दिव्याचा दोष त्याने काढला होता, आणि त्यामुळेच चाचांचा दोष पक्का ठरला होता. हे त्याला सहन होईना.

मध्यंतरात तो सगळ्यांसमोर जाऊन उभा राहिला. कोपऱ्यात ठेवून दिलेला चाचांचा तंबोरा छेडून बघा, अशी त्याने बाईंना विनंती केली. बाईंनी त्याच मंद उजेडात तो छेडला. सूर भरून आला. नेमगोंडाने खिशातून जुना डिमर काढला.

"खरखर याची होती. फळी न उघडता मीच लावला, आणि काल गुपचूप बदलला."

"बाहेरूनच कळतं ना रे?" मागून कुणी विचारलं, आणि सभा हसली. नेमगोंडाने मान खाली घातली. लाज वाटत होती, पण दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या कानातली गुणगुण थांबली होती.

बाईंनी चाचांचा हात धरून त्यांना पुढे आणलं आणि सर्वांदेखत माफी मागितली. चाचांनी डोळे मिटून परगावचा तंबोरा ऐकला आणि म्हणाले, की याच्या पहिल्या तारेचा दोरा केसभर सरकवायला हवा. बाईंनी कान देऊन ऐकलं. खरंच हवा होता.

मग चाचा नेमगोंडाकडे वळले. "बेटा, घरून माझी हत्यारांची पेटी घेऊन ये. आणि निघण्याआधी झाकण उघडून बघ, दोरा आत आहे ना ते."

तात्पर्य: चूक गुपचूप सुधारली तरी काम नीट होतं; पण त्या चुकीपायी ज्याचं नाव गेलं, त्याला ते चारचौघांतच परत द्यावं लागतं.