सोन्याच्या डबीतला लेप

एका राज्यात, जिथे नद्या उन्हाळ्यात आकाशातून वाहत आणि पक्षी माणसांच्या बोलीत बोलत, रत्नशेखर नावाचा राजा होता. तीन वर्षं तो झोपला नव्हता.

ते असं झालं. राजाची एकुलती एक कन्या हेमलेखा चौदाव्या वर्षात आली आणि तिच्या तोंडावर मुरुमं उठली. आधी कपाळावर, मग गालांवर, मग हनुवटीवर. दासींनी वाळूने घासलं, लिंबू चोळलं; मुरुमं अधिकच लाल झाली. सभेत कुजबूज झाली, “राजवंशाचं पाप फुटून आलं.” ते ऐकलं त्या दिवसापासून हेमलेखेने तोंडावर पदर ओढला आणि सभेत येणं सोडलं.

तेव्हा तमालक मांत्रिक सोन्याची डबी घेऊन आला.

“तीन दिवसांत चेहरा नितळ होईल,” तो म्हणाला. “डबीतला लेप कधी सरणार नाही. बदल्यात, महाराज, मला तुमची झोप हवी.”

“किती?”

“सगळी.”

राजाने सभेतल्या पोरीच्या रिकाम्या आसनाकडे पाहिलं आणि म्हणाला, “घे.”

तिसऱ्या दिवशी चेहरा नितळ झाला. पण एक दिवस लेप चुकला की कातडी आगीसारखी जळे आणि मुरुमं दुपटीने उठत. म्हणून लेप रोजचा झाला. हळूहळू कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, लाल शिरा दिसू लागल्या, कोवळं ऊनही सोसेना. पदर पुन्हा तोंडावर आला. तिकडे राजा वाळत गेला. डोळे उघडे, नजर कुठेच नाही. एकदा त्याने चोराला सोडून फिर्यादीलाच कोठडीत घातलं. राजा थकला तसं राज्य थकलं. पहारेकरी भाल्याला टेकून उभे राहत, बैल नांगर ओढता ओढता मध्येच थांबत.

एके दुपारी गच्चीवर टिटवी उतरली.

“राजकन्ये, तुझा बाप तीन वर्षं झोपला नाही. त्याची झोप तुझ्या डबीत आहे.”

हेमलेखा धावत बापाकडे गेली. “बाबा, हे खरं?”

राजाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, “चेहरा नितळ झाला त्या दिवशी तू आरशात पाहून हसली होतीस, बाळ.”

ती गच्चीवर परतली. “शाप कसा सुटेल?”

“तीन कामं,” टिटवी म्हणाली. “डबी उघडू नको. नख चेहऱ्याला लावू नको. तिसऱ्या पौर्णिमेला, चेहरा कसाही असो, उघड्या तोंडाने सभेत जा आणि डबी तमालकाच्या हातात दे. आधी मात्र कोंडाई वैदिणीकडे चल.”

टिटवी पुढे उडाली, हेमलेखा मागून चालली. तीन दिवसांनी दोघी एका तळ्याकाठच्या झोपडीशी पोचल्या. म्हातारी कोंडाई पाला वाटत होती. तिने पदर बाजूला सारून पाहिलं, कपाळावर बोट फिरवलं.

“वेणीला तेल किती चोपडतेस? सगळं कपाळावर उतरलंय.”

“हे कोणत्या पापाने झालं, आजी?”

“पाप कसलं? वयात येताना कातडीखाली तेल जास्त सुटतं. रंध्राचं तोंड बुजतं, आत ठणकतं, फोड वर येतो. गवळ्याच्या पोरीला येतो, तसाच राजाच्या पोरीला.”

हेमलेखा तळ्याकाठी बसून रडली. इतकी वर्षं हे कुणीच सांगितलं नव्हतं.

कोंडाईने हिरवा लेप दिला आणि एक काढा दिला. “दोन वेळा साध्या पाण्याने तोंड धू, घासू नको. लेप नुसता फोडावर नाही, सगळ्या तोंडाला, पण पातळ. खोल गाठींसाठी काढा. उन्हात जाऊ नको. पहिल्या महिन्यात काही दिसणार नाही, उलट वाढल्यासारखं वाटेल. तरी सोडायचं नाही.”

“लवकर होणारं काही नाही?”

“लवकर होणारं तू लावून आलीस ना?”

हेमलेखा घरी आली. डबी बंद राहिली आणि चेहरा पेटला. पंधरा दिवस ती ओल्या फडक्याखाली पडून होती. राजा उशाशी बसे. त्याला तशीही झोप नव्हतीच. महिना गेला, काही बदललं नाही. चाळिसाव्या दिवशी तिचा धीर सुटला आणि तिने गालावरचा एक फोड नखाने फोडला. रक्त आलं, मागे खड्डा राहिला.

“पुन्हा पहिल्यापासून,” टिटवी म्हणाली.

“मी थकले गं.”

“थक. पण नख लावू नको.”

पुन्हा पहिली पौर्णिमा आली, मग दुसरी. जळजळ निवाली. नवे फोड कमी झाले, जुने सुकले. तिसऱ्या पौर्णिमेच्या सकाळी तिने आरसा पाहिला. हनुवटीवर अजून सहा-सात होते, गालावर डाग होते. तरी पदर खांद्यावर टाकून ती सभेत गेली.

सभेत बसलेला तमालक हसला. “राजकन्ये, मुरुमं तर अजून आहेत.”

“आहेत,” हेमलेखा म्हणाली. “जातील तेव्हा जातील. ही तुझी डबी.”

त्याच्या तळहातावर डबी तडकली. आतून धुकं निघालं, सभेवरून सरकत सिंहासनापाशी गेलं आणि राजाच्या डोळ्यांवर बसलं. राजाने जांभई दिली, मान कलंडली आणि तो घोरू लागला. तमालक डबीच्या तुकड्यांसारखा तडकत गेला; शेवटी उरली ती चिमूटभर राख.

अमात्य राजाला उठवायला पुढे झाला. हेमलेखेने हाताने थांबवलं. आपला शेला बापाच्या अंगावर घातला आणि ती सिंहासनाच्या पायरीवर बसली. तिच्या हुकमाने कोठडीचं दार उघडलं. तो निरपराध फिर्यादी डोळे चोळत सभेत आला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. तिने मान खाली घातली नाही.

“बोला,” ती म्हणाली. “सगळं सांगा. फक्त हळू.”

राजा सव्वा महिना झोपला. तेवढ्या दिवसांत राज्यात न्याय झाला, तो सारा कुजबुजत झाला.