घरटी एक कौल

“पोफळवाडीला मत आहे की नाही?” देवळाच्या सभामंडपात राजा गरजला.

मत पुष्कळ होतं! पाणवठ्यावर, माडाखाली, चुलीपुढं नुसतं उतू जात होतं. पण गावाचा कारभारी निवडायला राजानं दोनदा सभा बोलावली, तर दोन्ही वेळा हात वर करायला आले तिघंच. विसाजी खोत, खोताच्या घरी फुकट जेवणारा त्याचा मेहुणा आणि खोताचा गडी. बाकी कुणाची म्हैस व्यायली होती, कुणाचं पोट बिघडलं होतं. खरं कारण वेगळंच! खोत पारावर पान चघळत बसायचा आणि कोण कुणासाठी हात वर करतो ते डोळे बारीक करून बघायचा. त्याच्यादेखत, त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या रवळू शेतकऱ्याच्या बाजूनं हात वर करणार कोण? पाण्यात राहून माशाशी वैर!

“गावाला मतबित काही नाही, महाराज,” खोत हात जोडून म्हणाला. “कारभार मीच बघतो. माझ्यामागं माझा मुलगा बघेल.”

मागं यसू कुंभारीण उभी होती. तिनं फुकट कौलं दिली नाहीत म्हणून खोतानं तळ्याची माती तिला बंद केली होती. हा खोत पुन्हा बसला की तिचं चाक कायमचं थांबलं!

“गावाला मत आहे, महाराज!” ती पुढं होऊन म्हणाली.

“मग दाखव!” राजा हट्टाला पेटला. “उद्या दिवस मावळायच्या आत घरटी एक कौल माझ्यापुढं हजर कर. एक घर जरी राहिलं, तरी कारभार खोताकडं, पिढ्यानपिढ्या!”

खोतानं लगेच पाचर मारली. “पण दवंडी पिटायची नाही, कुणाला बोलवायचं नाही, जेवणावळ घालायची नाही! मत असलं तर गाव आपल्या पायानं येईल.”

“कबूल,” यसू म्हणाली. “माझी एकच अट. कौल द्यायचा तो देवळाच्या कोठीत, एकेकट्यानं, दार लोटून.”

“लोट की दार!” खोत खदखदून हसला. “येतंय कोण?”

दुसऱ्या दिवशी दुपारी पेज जेवून गाव आडवं झालं, तशी यसू शिडी आणि गाढव घेऊन निघाली. गावची सगळी छपरं तिनंच शाकारलेली. कोण कुठं उशी टाकतो तेही तिला ठाऊक! प्रत्येक घरावरचं नेमकं उशीवरचं एक कौल तिनं अलगद उचललं आणि गाढवावर लादलं.

जरा वेळानं घराघरातल्या नाकांवर उन्हाची तिरीप पडली.

“अगो बाय! आमचं कौल गेलं!”

“माकडं आली वाटतं मेली!”

कौल गेलं की पोफळवाडी धावते कुंभारणीकडं. आणि कुंभारीण आज देवळाच्या पायरीवर कौलांची रास घालून बसलेली!

“यसू, आमचं कौल दे गो!”

“देते की. आधी हा खडा घे आणि कोठीत जा. आत दोन मडकी आहेत. मिशा रंगवलेलं खोताचं, बिनमिशांचं रवळूचं. मनात असेल त्यात खडा टाक, आणि कौल घेऊन घरी जा.”

“पण खोत बघतोय ना तिथनं!”

“खोताला लाकडी दारापलीकडचं दिसतं होय?”

एवढं ऐकल्यावर चेहरे उजळले. म्हातारे आले, लेकुरवाळ्या आल्या, खोताचा गडीही येऊन गेला. शेवटी खुद्द खोतीणबाई लगबगीनं आत जाऊन आल्या. राजाशेजारी बसलेला खोत खूश झाला. “बघा महाराज, आमच्या घरचाही कौल आला!”

दिवस मावळायला रास संपली. एकही घर राहिलं नाही म्हटल्यावर मात्र खोत उसळला. “महाराज, ही चोरी आहे! हिनं छपरांवरची कौलं पळवली!”

“महाराज म्हणाले, घरटी एक कौल,” यसू शांतपणे म्हणाली. “तो कौल की ते कौल, हे कुणी सांगितलं नाही. मग मी दोन्ही हजर केली! ते कौल मी आणलं, तो कौल आपल्या पायानं आला. दवंडी ऐकलीत? जेवणावळ दिसली?”

हसू दाबताना राजाच्या मिशा थरथरू लागल्या. त्यानं मडकी उपडी करायला सांगितली. बिनमिशांच्या मडक्यातले खडे खळखळत पायऱ्यांवरून खाली गेले. मिशांचं मडकं उपडं केलं, तर त्यातून एक मुंगी बाहेर आली!

“हे कसं?” खोत किंचाळला. “आमच्या घरचा खडा कुठं गेला?”

खोतीणबाईंनी कौल पदराखाली नीट धरलं. “घर कुठं गळतं, ते घरात राहणाऱ्यालाच ठाऊक,” त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

राजा पोट धरधरून हसला. रवळूला कारभार मिळाला आणि तळ्याची माती यसूला मोकळी झाली.

“आता माझ्या राजवाड्याचं छप्परही तूच शाकार,” राजा म्हणाला. “पण बाई, माझं कौल नको हं पळवूस!”

“छे हो, महाराज!” यसू म्हणाली. “तुमच्याबद्दल गावाचा कौल तुम्ही अजून मागितलाय कुठं?”

राजा इतका हसला, इतका हसला की डोईवरचा मंदील खाली आला! तो तसाच पडू देऊन त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि यसूच्या मातीनं माखलेल्या ओंजळीत ठेवलं.